हिम्मतरावांच्या दाढेची तवारीख

हिम्मतराव गव्हाण्यांच्या तोंडातला एकही दात किडलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं खुद्द हिम्मतरावांनी, त्यांच्या शेजाऱ्यांनी आणि मुंबईहून शिकून आलेल्या एका दंतवैद्यांनी मिळून या दातांविषयी जे काही बोलून ठेवलं, त्यात खरं असं फारसं राहिलंच नाही. पन्नाशी जवळ आली तरी गडी सुपारी दातानं फोडत होता. उसाचं कांडं सोलायला कुणी विळी मागितली, तर त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघत होता. असा माणूस एके दिवशी सकाळीच शेरवानी चढवून, बायकोला बरोबर घेऊन दाताच्या दवाखान्यात निघाला, त्यामागं दुखणं नव्हतं, सरकार होतं.

त्या साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे पडायचे होते. तेलुगू मुलूख एकीकडं, कानडी दुसरीकडं आणि मराठी तिसरीकडं. जमिनीची वाटणी त्या मानानं सोपी. ती जिथं असते तिथंच पडून राहते, नकाशावर रेघ मारली की काम झालं. घोटाळा होता तो कारकुनांचा. एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली वर्षानुवर्षं डुलक्या घेतलेल्या माणसांची आता मातृभाषा बघून वाटणी व्हायची होती. ज्या साहेबांच्या हाती ही वाटणी होती ते मोठे न्यायी होते. ते कुणाचंच ऐकत नसत.

आता मराठवाडा मराठी मुलखात गेलाच पाहिजे, हा ठराव विद्यानगरच्या सभेत हिम्मतरावांनीच मांडला होता. चांगला आवाज लावून मांडला होता. टाळ्या पडल्या, कुणीतरी हारही घातला. मराठवाडा जावा, हे त्यांचं ठाम मत होतं. त्याच्याबरोबर आपणही जावं, असं मात्र त्यांनी ठरावात कुठंही म्हटलेलं नव्हतं. सरकारनं ठरावाचा असा शब्दशः अर्थ लावावा, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

हैदराबाद त्यांना सोडवत नव्हतं. अंबरपेठेत घर झालं होतं, परसात सीताफळाला नुकती फळं धरू लागली होती. कचेरीत दुपारी इराण्याच्या चहाला उठायचं आणि चहा पिऊन परत यायला लाज वाटेल इतका वेळ झाला की मग सावकाश परत यायचं, असा तिथला शिरस्ता होता. परभणीला गेलं तर हे सगळं कुठं मिळणार? परभणीला गेलं की गावाकडचे भाऊबंद धुऱ्याबांधाची भांडणं घेऊन रोज ओसरीवर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भामा. एकुलती एक लेक. जामबागच्या एकनाथरावांचा मुलगा कॉलेजात शिकवत होता, त्याच्यासाठी भामाची पत्रिका दिली होती. एकनाथरावांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. पत्रिका मात्र ठेवून घेतली होती. लेक जामबागेत आणि आपण अंबरपेठेत, संध्याकाळी पायी जाऊन तोंड बघून यावं, एवढंच त्या माणसाचं स्वप्न होतं.

शेजारचे नामदेवराव अदालतीत पेशकार होते. निवृत्त झाले होते, पण अर्ज लिहिण्याची सवय गेली नव्हती. त्यांनी ओट्यावर बसून हिम्मतरावांना सल्ला दिला. तो मागितलेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

"गव्हाणे, बिमारी दाखवा. बिमारीपुढं सरकारचा इलाज चालत नाही."

"पण मी तर धडधाकट आहे."

"हेच तुमचं चुकतंय," नामदेवराव म्हणाले. "सरकारी नोकरानं इतकं धडधाकट राहू नये. शक येतो."

मग दोघांनी मिळून दुखणं निवडायला घेतलं. लुगडं निवडताना बायका घेतात, तेवढाच वेळ घेतला. काळजाचं दुखणं सांगितलं तर सरकार घरीच बसवील. क्षय सांगितला तर भामाला स्थळच येणार नाही. मूळव्याध टिकाऊ खरी, पण साहेबानं दाखवा म्हटलं तर काय घ्या! शेवटी नामदेवरावांनीच मांडीवर थाप मारली.

"दात! दातासारखी शरीफ बिमारी नाही, गव्हाणे. माणूस मरत नाही आणि इलाज संपत नाही. एकदम सरकारी काम. डॉक्टराकडून लिहून घ्या की इलाज हैदराबादेतच चालू आहे आणि मरीजाला इथून हलवू नये. बस्स. आणि हां, खानदानी बिमारी आहे म्हणून सांगा. खानदानी म्हटलं की वजन येतं."

गंमत अशी की नामदेवरावांच्या साऱ्या सल्ल्यात एवढी एकच गोष्ट खरी निघाली असती. हिम्मतरावांच्या वडिलांचं बोळकं चाळिशीतच झालं होतं. आई अजून गावी खलबत्त्यात पान कुटून खात होती. आजोबा, चुलते, आत्या, सारं घराणं जन्मभर आमटीत भाकरी कुस्करत आलेलं. कोवळ्या वयात गाव सोडून हैदराबादेत आलेले हिम्मतराव तेवढे दाताचे निघाले होते. त्यांचे दात वाचवले असतील तर ते हैदराबादनं.

पद्मावतीबाईंना हा बेत पसंत नव्हता. "नसलेलं दुखणं तोंडानं बोलू नये," त्या म्हणाल्या. "ऐकून येतंय ते." पण नवरा एकटा गेला तर काहीबाही बोलून येईल, म्हणून त्याही निघाल्या.

दात काढणारे शहरात पुष्कळ होते. रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून बसणारेही होते. ते आधी दात काढत आणि मग नाव विचारत, तेही आठवलं तर. जामबागेतल्या डॉक्टर भगवंतरावांचा प्रकार नेमका उलटा होता. त्यांच्याकडं पहिले दोन दिवस नुसतं विचारण्यात जात. त्याला ते हिस्टरी म्हणत. 'दात काय, कुणीही उपटतो,' असं ते म्हणत. 'हिस्टरी घेणं हे शास्त्र आहे.' या शास्त्रापायी त्यांच्या बाहेरच्या बाकावर माणसं गाल धरून ताटकळत. काहींचे दात कंटाळून आपणहून पडत.

हिम्मतराव खुर्चीत बसले. पद्मावतीबाई बाजूच्या स्टुलावर. डॉक्टरांनी टाक सरसावला.

"हं. काय त्रास होतो? तुमच्या स्वतःच्या शब्दांत सांगा."

हीच पहिली अडचण. हयात कचेरीत गेलेल्या माणसाकडं स्वतःचे शब्द कुठले? हिम्मतरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "विनंती अशी की, अर्जदाराच्या उजव्या बाजूच्या खालील दाढेस काही काळापासून…"

"अर्जदार कोण?"

"मीच."

"मग तुम्ही कळ म्हणा ना. कळ कशी येते? ठणकतं, सलतं, शिवशिवतं, की सुई टोचल्यासारखं होतं?"

नामदेवरावांनी याची तयारी करून घेतली नव्हती. पंगतीत वाढप्यानं चार भाज्या पुढं धराव्यात तसे हिम्मतराव गोंधळले आणि पंगतीतच देतात तसं उत्तर त्यांनी दिलं. "थोडं थोडं सगळंच."

"रात्री वाढतं?"

"रात्री तर विचारूच नका. डोळ्याला डोळा लागत नाही."

"अगं बाई!" पद्मावतीबाई एकदम म्हणाल्या. "काहून असं बोलायलात? रात्रभर तर घोरता की! शेजारच्या नामदेवरावांना ऐकू जातंय."

हिम्मतरावांनी बायकोकडं डोळे वटारले. पण डॉक्टरांचा चेहरा उजळला. "घोरतात? म्हणजे तोंडानं श्वास. तोंड कोरडं. शाबास! वहिनी, अशा गोष्टी पेशंट कधी सांगत नाहीत." आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

डॉक्टर भगवंतरावांची हीच तर थोरवी होती. त्यांना खोटं सांगा, ते लिहून घेत, आणि खरं सांगून ते खोडा, तर तेही लिहून घेत. कुठल्याही उत्तरानं रोग कमी व्हायचा नाही. गोड सोसतं का म्हणून विचारलं, तेव्हा हिम्मतराव सवयीनं खरं बोलून गेले की खुबानीचा मीठा वाटीभर खातो. त्याचीही दुखण्यात भर पडली. डाव्या कुशीवर झोपता की उजव्या, राख लावता की मिसरी, रागावल्यावर दात खाता का, लहानपणी कुठून पडला होता का! रागावल्यावर दात खातात, असं पद्मावतीबाईंनी परस्पर सांगितलं, आणि कशावरून रागावतात तेही सांगायला घेतलं. ते डॉक्टरांनी बराच वेळ ऐकून घेतलं. सरकारी माणसाची अब्रू झाकलेली असते, कारण त्याला आजवर असं कुणी विचारलेलं नसतं. हिम्मतराव खुर्चीत घामाघूम झाले.

बाहेर बाकावर एक मियाँसाहेब सुजलेला गाल रुमालानं बांधून बसले होते. त्यांनी पडदा बाजूला केला. "डॉक्टर साब, माफ करना. मेरा गाल गोलकुंडा हो गया. इनकी तवारीख कौन से बादशाह तक आई?"

"बस, अब खानदान बाकी है," डॉक्टर म्हणाले. मियाँसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि पडदा सोडला.

खानदान! हिम्मतरावांच्या जिवात जीव आला. इथं निदान खरं बोलायचं होतं. वडिलांचं बोळकं, आईचा खलबत्ता, आजोबांची कुस्करलेली भाकरी, सगळं ओठांवर आलं. तेवढ्यात डॉक्टर टाक दौतीत बुडवता बुडवता सहज म्हणाले, "गव्हाणे म्हणजे परभणीकडचे ना तुम्ही? इथल्या एकनाथरावांशी ओळख आहे का? माझी थोरली बहीण त्यांच्याकडं दिलीय. परवा तिनं एक पत्रिका दाखवली, गव्हाण्यांचीच होती."

पद्मावतीबाईंनी पदर सावरला. हिम्मतरावांनी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. समोर मुलाचा सख्खा मामा टाक घेऊन बसला होता आणि मुलीकडच्या घराण्यात रोग काय काय आहेत ते विचारत होता. आपल्याकडं घराण्यातला रोग वैद्यालाही सांगत नाहीत, मग व्याह्याच्या मेहुण्याला कोण सांगणार?

"हं, वडील," डॉक्टर म्हणाले. "वडिलांचे दात कसे होते?"

"दात?" पद्मावतीबाईच आधी बोलल्या. "मामंजींचे दात म्हणजे नुसते मोत्याचे दाणे! जाईपर्यंत एक हलला नाही." दुखण्यात खोटं बोलू नये असं त्यांचं मत होतं. सोयरिकीचं त्यांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं.

"आणि आई?"

"आई हरभरे खाते," हिम्मतराव म्हणाले.

"भिजवून?"

"नाही. तसेच."

एकदा गाडी उताराला लागली की मग थांबत नाही. आजोबांनी दातानं दोर तोडल्याचं हिम्मतरावांनी सांगितलं. आत्याबाईंनी अक्रोड फोडल्याचं पद्मावतीबाईंनी सांगितलं, गावात अक्रोड कधी कुणी पाहिला नव्हता तरी. गव्हाण्यांच्यात सरणावर जाताना बत्तीसच्या बत्तीस बरोबर घेऊन जातात, मागं काही ठेवत नाहीत, असंही ठरलं. मधुमेह, संधिवात, झटके, दमा यांतलं काही गावच्या शिवेतसुद्धा आलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला आणि हिम्मतरावांकडं बघत राहिले. "नवल आहे," ते म्हणाले. "असं वज्राचं घराणं, आणि दुखणं नेमकं तुम्हालाच कसं?"

हा प्रश्न हिम्मतरावांनी नीट ऐकायला हवा होता. पण दाखला मिळण्याच्या घाईत त्यांनी तो कानाआड केला. दाखला मात्र मिळाला नाही. निदान झाल्याशिवाय दाखला नाही आणि हिस्टरी पुरी झाल्याशिवाय निदान नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ही भाषा हिम्मतरावांना कळली. ते स्वतः आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले होते.

हिस्टरी पुरी करायला डॉक्टर त्या रविवारी अंबरपेठेत घरीच आले. पेशंट काय खातो, काय पितो, कुठं निजतो हे बघितल्याशिवाय त्यांचं शास्त्र पुढं सरकत नसे. पण मुलाचा मामा घरी येतो म्हटल्यावर त्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे गव्हाण्यांच्या घरात कुणाला पटणार? पोहे झाले, चिवडा झाला, नामदेवरावांकडून चांगल्या खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांबरोबर नामदेवरावही आले. भामा नवं लुगडं नेसून पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली.

"ही माझी भामा," हिम्मतराव कौतुकानं म्हणाले. "मॅट्रिक झाली. स्वयंपाक, शिवण…"

"आ कर बेटी," डॉक्टर म्हणाले.

भामानं बापाकडं बघितलं. बापानं नामदेवरावांकडं. गव्हाण्यांच्या घराण्यानं आजवर बाजारात बैलांचे दात बघून सौदे केले होते, आज कुणीतरी त्यांच्या ओसरीवर येऊन त्यांच्याच लेकीला आ करायला लावत होतं. हिम्मतरावांचा स्वाभिमान उफाळून आला. तो त्यांनी एका घोटाबरोबर गिळला.

भामानं मात्र शांतपणे तोंड उघडलं, डॉक्टरांनी चारी बाजूंनी बघितलं, आणि तोंड मिटल्यावर ती म्हणाली, "मामासाब, माझे तर बघितले. तिकडचे कुणी बघितलेत का?"

पद्मावतीबाईंनी डोळे मिटले. डॉक्टर मात्र पोहे सांडेपर्यंत हसले. "अगं, त्याच्या दोन दाढा मीच भरल्यात! तुझ्या तोंडात एक डाग नाही. घराणं बोलतंय हे."

मग ते परसात गेले. सीताफळाकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. आडाचं पाणी काढून त्याचा वास घेतला, जिभेवर घोळवून थुंकलं, आणि एका बाटलीत भरून बूच लावलं. "हे पाणी गावच्या पाण्यासारखं लागतं का?" त्यांनी विचारलं.

"गावच्या पाण्याची काय सर?" हिम्मतराव म्हणाले. पाहुण्यापुढं गावाला कमी लेखायचं नसतं. "गावचं पाणी म्हणजे अमृत."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फर्मावलं की दाढ काढावी लागेल. हिम्मतराव तडक शेजारच्या ओट्यावर गेले. आता बरं वाटतंय, असं सांगून पाहावं का, असं त्यांनी नामदेवरावांना विचारलं.

"बरं वाटतंय म्हणालात तर दाखला कशाचा?" नामदेवराव म्हणाले. "एका दाढेत सारं शहर मिळतंय, गव्हाणे. निजामालासुद्धा इतक्या सस्त्यात ठेवता आलं नाही."

हे नामदेवरावांना सोपं होतं. त्यांच्या तोंडात काढण्याजोगं काही उरलं नव्हतं.

दाढ निघता निघेना. डॉक्टरांनी बूट काढून पाय खुर्चीला लावला. बाहेरच्या बाकावरची माणसं एकेक करून उठून गेली, मियाँसाहेब सोडून. पद्मावतीबाई देवाचं नाव घेत होत्या. हिम्मतरावांच्या डोळ्यांसमोर इराण्याचं हॉटेल आलं, अंबरपेठेचं घर आलं, मग काजवे आले. शेवटी डॉक्टर भिंतीपर्यंत मागं गेले आणि त्यांच्या चिमट्यात ती दाढ होती, मुळांसकट.

डॉक्टरांनी ती खिडकीपाशी नेली. फिरवून बघितली, भिंग लावून बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, "निर्दोष आहे."

हिम्मतरावांनी डोळे मिटून घेतले. पकडले गेलो, असं त्यांना वाटलं. पण डॉक्टरांना अशानं पकडता आलं असतं, तर त्यांनी हिस्टरी कशाला घेतली असती?

"दाढ निर्दोष!" डॉक्टर आता आनंदानं येरझाऱ्या घालू लागले. "म्हणजे रोग दाढेत नाहीच. घराण्यात नाही. मग कुठं आहे? वहिनी, विचार करा. सारं घराणं परभणीकडं. सगळ्यांचे दात वज्रासारखे. एकटा हा माणूस तिथून उठून हैदराबादेत येतो, आणि एकट्यालाच दुखणं! का? पाणी! तुमच्या आडाचं पाणी मी तपासलं, नुसता चुना आहे. याला औषध एकच. गावचं पाणी. हिम्मतराव, तुम्ही जितके दिवस इथं राहाल तितके दात जातील."

हिम्मतराव खुर्चीत उठून बसले. तोंडात कापसाचा बोळा होता. "ऊं! ऊं ऊं!" असं ते म्हणाले.

"पटतंय ना? मला ठाऊक होतं," डॉक्टर म्हणाले. "आणि दाखल्याची काळजी करू नका. कागदानं काय होतं! तुमच्या वाटणीचे साहेब माझ्याकडंच येतात, वरची कवळी मीच बसवलीय त्यांची. आज संध्याकाळी क्लबात भेटतील, मी स्वतः सांगतो. कुणाचं ऐकत नाहीत, पण माझं ऐकतात." मग शास्त्राला धरून त्यांनी बोळा काढला आणि विचारलं, "हिस्टरीत काही चुकलंय का? काही राहिलं असलं तर आत्ता सांगा."

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, माझ्या बापाच्या तोंडात चाळिशीत एक दात नव्हता. एवढं म्हटलं असतं की डॉक्टरांचं सारं शास्त्र जागच्या जागी कोसळलं असतं आणि हैदराबाद राहिलं असतं. पण ते वाक्य आज या खोलीत बोललं, की संध्याकाळी ते एकनाथरावांच्या घरी जेवायला बसलं असतं. दात नसलेलं घराणं, वर खोटं बोलणारं. हिम्मतरावांनी पद्मावतीबाईंकडं बघितलं. त्यांना हैदराबाद नकोसं झालं होतं अशातला भाग नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे हिम्मतरावांना बरोबर कळलं.

"नाही, साहेब," हिम्मतराव म्हणाले. ओठ बधिर असल्यानं शब्द वेडेवाकडे आले. "सगळं बरोबर आहे."

बाहेर पडदा बाजूला झाला. "तवारीख खतम?" मियाँसाहेबांनी विचारलं. "खतम," हिम्मतराव म्हणाले, आणि भिंतीला धरून बाहेर पडले.

पुढं सगळं भराभरा झालं. सरकार चांगलं काम कधी इतक्या लवकर करत नाही. परभणीचा हुकूम आला आणि हुकमाबरोबर साहेबांचा निरोप आला की तब्येतीचं ऐकून वाईट वाटलं, म्हणून तुमचं नाव सगळ्यांच्या आधी काढलं. कचेरीतले लोक, ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि म्हणून जे हैदराबादेतच राहिले, त्यांनी वर्गणी काढून हिम्मतरावांना हार घातला. मराठी मुलखाची सेवा करायला पहिला मान तुमचाच, असं भाषणात सांगितलं. नामदेवराव चार दिवस ओट्यावर आले नाहीत. मग आले आणि म्हणाले, "मी बिमारी सांगा म्हटलं होतं, गव्हाणे. इतकी चांगली सांगा असं कुठं म्हटलं होतं?"

एकनाथरावांकडून होकार आला. मुलाच्या मामानं मुलीच्या घराण्याची जी खात्री दिली होती तशी खात्री जामबागेत आजवर कुणी कुणाची दिली नव्हती. लग्न थाटात झालं. लग्नाला गावाहून हिम्मतरावांची आई आली होती. तिला तीन दिवस, तोंड आलंय असं सांगून, आतल्या खोलीत पातळ वरणभातावर ठेवावं लागलं. म्हातारीनं जाताना सुनेला जे ऐकवायचं ते ऐकवलंच. भामा जामबागेत नांदायला गेली आणि अंबरपेठेतल्या घरात भाडेकरू आले.

काचीगुड्याच्या स्टेशनावर निरोपाला बरीच मंडळी होती. भामा नवऱ्याशेजारी उभी होती, रडून डोळे सुजलेले. पद्मावतीबाई डब्यात सामान मोजत होत्या, म्हणजे रडत होत्या. हिम्मतराव खिडकीशी बसून स्टेशनाबाहेरचे टांगे, चहाची दुकानं बघत होते. संध्याकाळी इथून पायी जामबागेला जाता आलं असतं, हाच विचार त्यांच्या मनात घोळत होता. त्यांना हे शहर हवं होतं. फार हवं होतं, आणि हे आता कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

गर्दीतून वाट काढत डॉक्टर भगवंतराव खिडकीपाशी आले. आता ते व्याह्यांचे मेहुणे होते. त्यांनी मायेनं हिम्मतरावांचा हात हातात घेतला.

"व्याही, आभार मानू नका. माझं ते कर्तव्यच होतं. फक्त एक सांगा, आता दुखतं का?"

या डॉक्टरांना आजवर हिम्मतरावांनी सतरा वेळा दुखतं म्हणून सांगितलं होतं आणि एकदाही दुखत नव्हतं. आज दुखत होतं, अगदी सोसवत नव्हतं. समोर भामा बघत होती.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "काहीच दुखत नाही."

"बघा!" डॉक्टर फलाटावरच्या सगळ्या मंडळींकडं वळून ओरडले. "गाडी अजून हललीसुद्धा नाही, आणि याला गुण आला!"